फिबीचा नाताळ

"तिकीट काढलंस का?"

फोन उचलल्या उचलल्या आईनं हेच विचारलं. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. मी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये सूपचा वाडगा समोर घेऊन बसले होते, आणि जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं आधीच संपली होती.

"कसलं तिकीट?"

"नाताळचं. दुसरं कसलं?"

"अगं आई, मी जानेवारीत येते ना. दरवर्षीसारखी."

"या वेळी खऱ्या नाताळला ये."

मला हसू आलं. "म्हणजे आपला काय खोटा असतो?"

"दुधाची तहान ताकावर भागवतोय आपण इतकी वर्षं. ताक ते ताकच, फिबे." मग लगेच तिचा आवाज बदलला. "बरं, बाही किती घेऊ तुझी? हिरवी लोकर आणलीय. स्वेटर विणायला घेतलाय तुझ्यासाठी."

"दोन वीत, चार बोटं. तूच मोजलीस ना मागच्या वेळी."

"हां. दोन वीत, चार बोटं." ती पुटपुटली. आईनं आयुष्यात टेप वापरली नाही. टेपला काय कळतंय अंग कुणाचं आहे ते, असं म्हणायची. माझ्या फ्रॉकपासून बाबांच्या पायजम्यापर्यंत सगळं तिनं स्वतःच्या वितीनं मोजून केलेलं.

मी सूप ढवळलं. तेवढ्यात ती म्हणाली, "मग, तिकीट काढलंस का?"

पलीकडून बाबांनी फोन घेतला. "काही नाही गं, तुझी आई आज मस्करीच्या मूडमध्ये आहे. तू जेव." आणि फोन ठेवून दिला.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. त्या दिवशी मी सूप संपवलं, वाडगा विसळला आणि वॉर्डात परत गेले. मला काहीही खटकलं नाही.

मी फिबी भिंगारदिवे, नगरची. तेव्हा छत्तीस वर्षांची होते आणि आयर्लंडमध्ये, कॉर्कला, नर्स होऊन मला आठ वर्षं झाली होती. लग्न जमलं नव्हतं आणि आईनं तो विषय काढायचं सोडून दिलं होतं, त्यामुळे आमचं बरं चाललं होतं. माझा वॉर्ड म्हाताऱ्या माणसांचा. सकाळी पहिलं काम म्हणजे प्रत्येकाच्या पलंगापाशी जाऊन हसत हसत विचारायचं, आज वार कोणता, आपण कुठे आहोत, काल भेटायला कोण आलं होतं. आमच्या सिस्टरबाई सगळ्यांना सांगायच्या, "फिबीला विचारा, तिला दोन वाक्यांत कळतं कोण घसरायला लागलंय." मला त्याचा गर्व होता. उगाच कशाला खोटं बोलू, चांगलाच गर्व होता.

आता त्या जानेवारीतल्या नाताळबद्दल सांगायला हवं.

बाबा एसटीत होते. तारकपूरच्या स्टँडवर रिझर्वेशनच्या खिडकीत त्यांनी एकोणतीस वर्षं काढली. दिवाळीत ते सगळ्यांच्या ड्युट्या स्वतःच्या अंगावर घ्यायचे आणि त्याच्या बदल्यात नाताळची सुट्टी मिळवायचे. खिडकीच्या त्या बाजूला बसून लोकांची दिवाळीतली तंगडतोड बघितल्यामुळे त्यांचं एक मत पक्कं झालं होतं. सीझनला प्रवास करणं म्हणजे आपल्याच पैशानं धक्के खाणं. शहाण्यानं गर्दी ओसरली की निघावं.

मी परदेशी गेले त्या पहिल्या वर्षी मला नाताळची रजा मिळाली नाही. फोनवर मी रडले. बाबा म्हणाले, "रडतेस कशाला? जानेवारीत ये. आम्ही चांदणी उतरवत नाही तोवर." आणि खरंच उतरवली नाही. बाबा दरवर्षी बांबूच्या कामट्यांची चांदणी बांधून तिला पतंगाचा लाल कागद चिकटवतात आणि आत बल्ब सोडतात. ती चांदणी त्या वर्षी सोळा जानेवारीपर्यंत दारावर लटकत राहिली. आईनं करंज्या, चकल्या, अनारसे दुसऱ्यांदा केले. बाबांनी टेबलाशी उभं राहून बायबलमधला येशूच्या जन्माचा पाठ पुन्हा वाचला. शेजारच्या साळवेकाकू कंपाउंडवरून ओरडल्या, "भिंगारदिव्यांकडं येशू तीन आठवडे लेट. एसटीनं येतो वाटतं!"

त्याला नाव पडलं फिबीचा नाताळ. नाइलाज म्हणून सुरू झालेली गोष्ट पुढे आमची सवय झाली, आणि सवय होता होता हुशारी झाली. कारण नाताळच्या दिवशी मी काम केलं की दुप्पट पगार मिळायचा, आणि जानेवारीच्या मध्याला विमानाचं तिकीट निम्म्यात पडायचं. आम्हा बापलेकीला वाटायचं, साऱ्या जगाला आम्ही बनवलंय. आई काही म्हणायची नाही. ती दोनदा करंज्या करायची.

तर त्या ऑक्टोबरात आईच्या शब्दाखातर मी डिसेंबरचे भाव बघितले. वीस डिसेंबरला निघायचं तर साडेनऊशे युरो. जानेवारीत पाचशे ऐंशी. माझ्याबरोबर राहणारी शायनी केरळची, दोन मुलं कोट्टायमला आजीकडे ठेवून आलेली. विमानाच्या भावांत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"आज काढू नकोस," ती म्हणाली. "मंगळवारी उतरतात. आणि सहा आठवडे आधी एकदा नक्की उतरतात. घाई केलीस की गेलीस."

मी घाई केली नाही. मंगळवारी भाव हजारावर गेला. त्याच्या पुढच्या मंगळवारी अकराशे वीस. मग एका शुक्रवारी अचानक एक हजार ऐंशी झाला आणि शायनीनं टाळी वाजवली, "बघ, उतरायला लागलाय. थांब अजून." त्या दिवसांत मी बसमध्ये, जिन्यात, ड्युटीच्या मधल्या चहाला, सारखा फोन काढून तेवढाच एक आकडा बघत होते. दमडीची कोंबडी आणि रुपयाचा मसाला म्हणतात तशी गत होती. पण तेव्हा तो मला खेळ वाटत होता, आणि त्यात जिंकायचं होतं.

आई मात्र भाव विचारायची नाही. तिचा एकच प्रश्न. तिकीट काढलंस का? एका फोनमध्ये दोनदा, मग तीनदा. मधूनच बाही किती घेऊ. मी पुन्हा सांगायची, दोन वीत, चार बोटं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकदा मी बारा तासांची ड्युटी करून आले होते, पायात गोळे आले होते, आणि तिनं चौथ्यांदा विचारलं.

"आई, किती वेळा विचारशील गं? तुझ्या विचारण्यानं भाव उतरणार आहे का?"



"मी आधी विचारलं होतं का?" आई म्हणाली.

"आत्ताच तर विचारलंस!"

"बरं," ती म्हणाली. अगदी हळू. "बरं, बाळा. आता नाही विचारत."

तरीही मला काही कळलं नाही. सबंध वॉर्ड मला दोन वाक्यांत कळायचा.

त्यानंतर तीनच दिवसांनी तिनं स्वतः फोन लावला. एरवी फोन बाबाच लावून द्यायचे. दुपारची वेळ होती, माझी सुट्टी होती आणि मी कपडे वाळत घालत होते.

"बाबा कुठंयत?" मी विचारलं.

"बाजारात गेलेत. म्हणून तर केला. ऐक, फिबे. मी लिहून ठेवलंय काय बोलायचं ते." कागद हातात घेतल्याचा आवाज मला आला. "या वेळी मला जानेवारीचा भरवसा वाटत नाही. तू पंचवीसला ये."

"का? काय होतंय तुला? छातीत दुखतं का? दम लागतो? पायावर सूज आहे? बोटानं दाबून बघ बरं, खड्डा पडतो का."

"नाही गं. काही दुखत नाही."

"बीपीच्या गोळ्या घेतेस?"

"बाबा देतात."

"रात्री उठावं लागतं का?"

"फिबे," ती म्हणाली, "तसलं काही नाही. फक्त तू पंचवीसला ये. मला तू आलेली बघायचीय. नीट." मग म्हणाली, "चांदणी असताना."

"चांदणी काय, जानेवारीतही असतेच."

मी तिला आणखी दहा प्रश्न विचारले. हृदय, फुप्फुसं, किडनी, सगळं तपासून झालं. आज वार कोणता, एवढं मात्र विचारलं नाही. आपल्या आईला कुणी विचारतं का तसलं.

त्या संध्याकाळी मी ठरवलं की काढायचं. भाव अकराशे साठ होता. पान उघडलं, नाव घातलं, पासपोर्टचा नंबर घातला, कार्ड काढून टेबलावर ठेवलं. आणि मग, का कुणास ठाऊक, बाबांना फोन लावला. खरं तर मला त्यांची शाबासकी हवी होती. एवढे पैसे घालते आहेस, मोठ्या मनाची माझी लेक, असलं काहीतरी.

"किती म्हणालीस?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं.

"डोकंबिकं फिरलंय का? निम्म्यात जानेवारीत येशील की."

"आई फार मागे लागलीय, बाबा. आजारी आहे का ती? खरं सांगा."

"आजारी कशाची. वय झालं, हळवी झालीय. मी सांगतो ना तुला. जानेवारीत ये. सावकाश ये. चांगली महिनाभर राहा. तोवर तीही..." ते अडखळले. "तोवर थंडीही कमी होईल."

मी कार्ड पाकिटात ठेवलं. खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. चौदा जानेवारीचं तिकीट पाचशे साठला मिळालं, आणि शायनीनं माझ्याकडे कौतुकानं बघितलं.

आईला सांगितलं तेव्हा ती रागावली नाही. "जानेवारी," ती म्हणाली. "बरं. बाही किती घेऊ?"

नाताळच्या दिवशी मी ड्युटीवर होते. डोक्याला कागदी मुकुट घालून म्हाताऱ्यांना पुडिंग भरवत होते. मधल्या सुट्टीत घरी फोन लावला, तर मागे भांड्यांचा आवाज, माणसांचा आवाज आणि त्या सगळ्यात आईचं हसू. ती मोठ्यानं, तोंडावर हात न ठेवता हसत होती. किती दिवसांत ऐकलं नव्हतं.

"आईला द्या ना," मी म्हणाले.

"आत्ता नको," बाबा घाईघाईनं म्हणाले. "पाहुणे आलेत. गडबडीत आहे ती. खूश आहे बघ. तू काळजी करू नकोस."

मला बरं वाटलं. बघा, म्हटलं, उगाच हट्ट करत होती. नाताळ छान चाललाय की तिचा माझ्यावाचून.

चौदाला निघून पंधराला दुपारी मी तारकपूरला उतरले. बाबा स्टँडवर आले होते. ते इतके वाळले होते की आधी मी त्यांच्या शेजारून पुढे गेले. रिक्षात त्यांनी माझी बॅग मांडीवर घेतली आणि ती घट्ट धरून बसले.

"आई जरा घोळ करते हल्ली," ते म्हणाले. "तू मनावर घेऊ नकोस."

"घोळ म्हणजे?"

"चल तर खरं."

दारावर चांदणी होती. उन्हानं कागद पिवळट पडला होता, पण होती. आई दारातच उभी होती, केस नीट विंचरलेले, निळी साडी. मी रिक्षातून उडीच मारली. तिनं दोन्ही हात जोडले.

"सलाम," चर्चला आलेल्या नव्या माणसाला म्हणतात तसं ती म्हणाली. "या. या ना आत."

मी तिला मिठी मारली. तिनं मारू दिली, पाठीवर थोपटलंसुद्धा, अनोळखी बाईनं गळ्यात पडून रडायला घेतलं तर भली माणसं थोपटतात तसं. मग मला खुर्चीवर बसवलं आणि पाणी आणलं.

"लांबून आलात का?"

"आई, मी फिबी."

ती बाबांकडे बघून हसली, मग माझ्याकडे. चेहऱ्यावर जरासा संकोच. "फिबी? तुमचंपण नाव फिबी? अगंबाई. माझ्या मुलीचंही तेच." तिनं माझ्या हातातला पेला घेतला. "चुकामूक झाली तुमची. ती येऊन गेली नाताळला."

आमच्या वॉर्डात रोज कुणाची ना कुणाची मुलगी अशी खुर्चीत बसलेली असायची. तिला काय सांगायचं ते मला तोंडपाठ होतं. त्यातला एक शब्दही मला आठवला नाही.

बाबा मला मागच्या अंगणात घेऊन गेले आणि पाण्याच्या टाकीला टेकून उभे राहिले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"डॉक्टरांनी ऑगस्टात सांगितलं. पुण्याला नेलं होतं."

"ऑगस्टात? आणि तुम्ही मला..."

"तिलाही माहीत होतं. तिच्यासमोरच सांगितलं त्यांनी. म्हणाले, वेग कुणी सांगू शकत नाही. गोळ्या सुरू केल्या. मला वाटलं, औषध लागू पडेल. तू जानेवारीत येशील तोवर सुधारेल थोडी. तुला असं दिसायला नको, एवढंच वाटलं मला, फिबे." त्यांनी चष्मा काढला. "नोव्हेंबरपर्यंत तुझं नाव घेऊन फोटोवर बोट ठेवायची. डिसेंबरात एकदम घसरली. तुझी मात्र वाट बघायची. रोज. फिबी पंचवीसला येणार. मी म्हणायचो जानेवारीत. ती म्हणायची, नाही, मी तिला सांगितलंय."

"आणि नाताळला कोण आलं होतं?"

त्यांनी सांगितलं. चोवीस तारखेच्या संध्याकाळी चर्चची कॅरलवाली मंडळी आली. त्यांच्यात नव्या पाळकसाहेबांची बायको होती, सुचिता. माझ्याएवढीच, थोडी सावळी, चष्मा लावणारी. गाणं संपलं आणि आईनं पुढे होऊन तिचा हात धरला. आलीस गं, म्हणाली. सुचिता बाबांकडे बघत राहिली. बाबा काहीच बोलले नाहीत.

"मी अडवायला पाहिजे होतं. कळत होतं मला. पण तीन महिन्यांत ती एवढी हसली नव्हती. त्या पोरीनंही हात सोडवून घेतला नाही. आत येऊन बसली. दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर पुन्हा आली, जेवली. आईनं तिला भरवलं. तुझा फोन आला तेव्हा तेच चाललं होतं. स्वेटरही तिला दिला."

मला काय वाटलं ते सांगते, आणि ते चांगलं नाही. मला बाबांचा राग यायला हवा होता. स्वतःचा तर यायलाच हवा होता, आणि तो पुढे आला, अजून आहे. पण त्या टाकीपाशी मला राग आला तो आईचा. इतकी वर्षं मी तिची मुलगी होते, आणि तिला कुणीही चाललं. चष्मा असला की झालं.

दुसऱ्या दिवशी सोळा तारीख, म्हणजे फिबीचा नाताळ. साळवेकाकूंनी करंज्या पाठवल्या. त्या वर्षी त्यांनी कंपाउंडवरून काही आरडाओरडा केला नाही. बाबा टेबलाशी उभे राहिले, पण पाठ वाचता वाचता मध्येच थांबले. आई दारात जाऊन वर बघत होती.

"अहो," तिनं हाक मारली. "ही चांदणी अजून का लटकतीय? नाताळ झाला की. फिबी येऊन गेली. उतरवा ती, लोक हसतील."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी स्टूल आणलं आणि मी ते धरलं. चांदणी खाली आली तशी आईनं तिच्यावरची धूळ पदरानं पुसली.

त्यानंतर आई तीन वर्षं होती. तिन्ही नाताळांना मी पंचवीस तारखेला घरी होते. भाव बघितला नाही. एका वर्षी चौदाशे युरो पडले आणि शायनी मला वेडी म्हणाली. आईनं मला कधी बाई म्हटलं, कधी सिस्टर म्हटलं, शेवटी शेवटी काहीच म्हटलं नाही. फिबी एकदाही म्हटलं नाही.

पण त्या जानेवारीतली माझी शेवटची दुपार सांगायची राहिली.

सुचिता आली ती आई झोपली आहे असं पाहूनच. फाटकाशी उभी राहून तिनं मला कापडी पिशवी दिली. आत हिरवा स्वेटर, धुऊन घडी केलेला.

"हा तुमचा आहे," ती म्हणाली. "मी खूप वेळा म्हटलं की नको. पण त्या ऐकेनात. आणि ताई, मला नाही म्हणवलंच नाही. माझी आई मी दहावीत असतानाच गेली." तिचे डोळे भरले. "माझं चुकलं असेल तर माफ करा."

मी इतके दिवस तिचा मनात दुस्वास केला होता. तिचा हात हातात घेऊन मी एवढंच विचारलं, "काय बोलली ती तुमच्याशी?"

"सारखं एकच. आलीस ना. बरं झालं आलीस."

ती गेल्यावर मी ओसरीतच स्वेटर अंगात घातला. खांद्यात नेमका बसला. बाह्या बरोबर मनगटापाशी येऊन थांबल्या. मी तशीच उभी होते तर मागून आवाज आला.

"तो फिबीचा आहे."

आई दारात होती. तिचा चेहरा कावराबावरा झाला होता. "काढा. तो माझ्या फिबीचा आहे. तुम्ही का घातला?"

"काढते, आई. चुकून घातला." मी काढला आणि तिच्या हातात दिला. तिनं तो छातीशी धरला, मग बाजेवर पसरून नीट घडी घातली. बाह्या आत, गळा वर. घडी घालून होईपर्यंत ती शांत झाली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिलाच वाईट वाटलं.

"थंडी वाजत असेल तुम्हाला," ती म्हणाली. "मी रागावले का? रागावू नका हं. तो तिचा आहे म्हणून. मी तुमच्यासाठी दुसरा विणते. लोकर उरलीय. या इकडं, बसा. हात द्या."

मी तिच्याजवळ बसले आणि हात पुढे केला. तिनं काखेपाशी अंगठा टेकवला आणि बोटं ताणून पहिली वीत घातली. तिची बोटं गार होती. माप मात्र चुकत नव्हतं.

"माझी फिबी लांब असते," ती मोजता मोजता सांगू लागली. "आयर्लंडला. नर्स आहे. तिचे बाबा म्हणाले, जानेवारीत ये, तिकीट स्वस्त पडतं. दरवर्षी ऐकायची ती त्यांचं. या वेळी नाही ऐकलं. महागाचं तिकीट काढलं आणि आली बघा नाताळला. मीच म्हणाले होते तिला ये म्हणून." ती स्वतःशीच हसली. "तुमची आई आहे का?"

"आहे."

"मग जात जा. मुलं पैशाकडं बघत बसतात."

"हो," मी म्हणाले.

दुसरी वीत मनगटाच्या थोडी अलीकडे येऊन संपली आणि तिथं ती थांबली. अंगठा कुठं होता, किती झालं, ते तिच्या हातून निसटलं. ती माझ्या हाताकडे नुसती बघत राहिली.

"किती झालं?" तिनं विचारलं.

"दोन वीत," मी म्हणाले. "आणि चार बोटं."

तिनं खाली बघून चार बोटं मनगटापाशी टेकवली. ती बरोबर बसली. मग आई खूश होऊन वर बघून म्हणाली, "अगदी माझ्या फिबीएवढी."